वकीलकाकांचं बेट

थंडी पडायला लागली, की अख्खं वऱ्हाड हुरडा खायला शेताकडे निघतं. आमचे वकीलकाका तेवढे समुद्राकडे निघायचे. अमरावतीच्या माणसाने फार तर चिखलदऱ्याला जावं, गरम भजी खावीत, दरीत डोकावून बघावं आणि दिवे लागायच्या आत घरी यावं. हे मात्र स्वेटर कपाटात टाकून अंदमानातल्या एका एवढ्याशा बेटावर जाऊन बसायचे, ते संक्रांत उलटल्यावरच परतायचे. कोर्टात त्यांचं नावच बेटवाले वकील पडलं होतं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. अचलपूरची, बँकेत नोकरीला, एकटी. एकदा मी म्हटलं, "काका, एवढं मोठं जग पडलं हाये, अन् तुमी दरवर्षी त्याच बेटावर काहून जाता?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काहून वं, बाया माहेरी जातेत तं काय दरवर्षी नव्या गावाले जातेत?" वकिलाशी वाद घालू नये, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

बेट मुळात काकूंनी शोधलं होतं. काकांनी वकिली कमी केल्यावर त्या त्यांना ओढून तिकडे घेऊन गेल्या. निघताना त्यांनी सामानात जुन्या लुगड्यात बांधून गोवऱ्या घेतल्या. चार दिवस भात-मासळीच्या मुलखात राहायचं, तर एखाद दिवशी जाड्या कणकेचे रोडगे नकोत का, आणि रोडगे गोवरीच्या निखाऱ्याशिवाय भाजतात का, असा त्यांचा सरळ हिशेब. नागपूरच्या विमानतळावर ते गाठोडं उघडायला लावलं. तपासणीचा जवान आधी गोवऱ्यांकडे, मग काकूंकडे बघत राहिला. काकू शांतपणे म्हणाल्या, "शेण हाय बापा. वाळेल हाय." गोवऱ्या तिथेच राहिल्या. काका हा प्रसंग सांगताना इतके हसायचे, की शेवटचं वाक्य दर वेळी मलाच पूर्ण करावं लागे.

मग काकूंनी बेटावर नारळाच्या सोडणांचा जाळ केला. रोडगे बाहेरून करपले, आत कच्चे राहिले आणि सगळ्यांना खोबऱ्याचा वास लागला. पण त्या ज्यांच्या घरी उतरल्या होत्या, त्या मिनती नावाच्या बंगाली बाईने ते तूप आणि वांग्याच्या भाजीबरोबर चवीने खाल्ले. तेव्हापासून दर हिवाळ्यात मिनतीच्या अंगणात रोडगे व्हायचेच. ती काकूंना बौदी म्हणायची, म्हणजे वहिनी.

काकू गेल्या त्या वर्षी मला वाटलं, संपलं आता बेट. काकांची मुलगी बंगळुरूला, ती म्हणाली, इकडे या. काका गेले नाहीत. थंडी पडली तशी त्यांनी मला हाक मारली आणि रोडग्यांसाठी गहू जाडसर दळून आणायला सांगितलं. ते बेटावर गेले आणि खालच्या दाराला कुलूप लागलं. एरवी संध्याकाळी मी जिना चढताना खालून "आली काय वं?" असा आवाज यायचा. दर हिवाळ्यात तो नसायचाच, पण त्या वर्षी ते बोचलं. आपण घरी पोचलो हे विचारणारं या शहरात दुसरं कुणीच नाही, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

परत आले ते नारळाचे लाडू आणि एक सुती साडी घेऊन. लाडू माझ्या हातावर ठेवले. साडीवरून हात फिरवून ती काकूंच्या कपाटात ठेवली. पुढच्या वर्षीही साडी आली. मला नवल वाटायचं, पण विचारवेना.

काकांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून मिनती कधी तोंड बघून बोलायचं म्हणाली, की माझ्या फोनवर लावायची. एका दुपारी असाच फोन आला. तिने विचारलं, "बौदी को दिखाओ ना, दादा." काका जराही न अडखळता म्हणाले, "वो अकोला गयी है. मायके."

फोन बंद करून मी त्यांच्याकडे वळले. काका चष्मा पुसायला लागले.

"पहिल्या वर्षी एकटा उतरलो न मी," ते म्हणाले, "तं मिनती धक्क्यावर आली होती. माह्या मांगं पाहून राहिली होती, तुही काकू कुठं हाये म्हणून. माह्या तोंडातून निंगून गेलं, अकोल्याले गेली, भावाच्या वावरात हुरडा हाये. जन्मभर लोकाइच्या खोट्या साक्षी उलटवल्या, अन् मीच देऊन बसलो."

"मग सांगून टाका न काका आता."

"नाई सांगत. इथं तं साऱ्याइले माईत हाये, थे गेली म्हणून. भाजीवाली बी आता एकट्यापुरतीच भाजी तोलते. तिथं मिनती रोज पुसते, बौदीचे गुडघे कसे हायेत? मी सांगतो, बरे हायेत. निंगतानी थे तिच्यासाठी साडी बी देते. एक तरी जागा असू दे वं, जिथं तुही काकू हाये."

त्यानंतर मी गहू दळून आणला, की स्वतःच पिशवीला गाठ मारून म्हणायची, "काकूनं पाठवला म्हणा." ते मान डोलवायचे.

यंदा पोळा झाला आणि थोड्याच दिवसांत काका गेले. सकाळी दूध बाहेरच राहिलं, म्हणून मी दार ढकललं. मुलगी आली, सगळं यथासांग करून, कुलूप लावून गेली. मिनतीला कळवावं असं तिला सुचलं नाही. मला रोज सुचत होतं.

परवा हवेत गारवा आला आणि मिनतीचाच फोन आला. "दादा का फोन बंद है. कमरा साफ करके रखा है. कब आयेगा?"

मी जिन्यात उभी होते. खाली कुलूप दिसत होतं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "दादा अकोला गये हैं."

"बौदी के पास?"

"हां. बौदी के पास."

पलीकडे खोलीची कडी लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अच्छा हुआ. इधर अकेला आता था, हमको देखके अच्छा नहीं लगता था."