दोरीवरचे पांढरे कोट

आमच्या गॅलरीतून सरकारी दवाखान्याची क्वार्टर्स दिसतात. ती कित्येक वर्षं बंदच होती. यंदा दवाखान्यात एमडीच्या शिक्षणाच्या जागा सुरू झाल्या, तीन निवासी डॉक्टर मुली राहायला आल्या आणि दोरीवर पांढरे कोट वाळू लागले. मी त्यांच्याशी अजून बोललेले नाही. पण कोट दिसले की गावात डॉक्टर आहे, एवढं कळतं आणि बरं वाटतं.

शेजारच्या शालनमावशी आज त्यांच्या गॅलरीतून तेच कोट बघत होत्या. त्यांच्या लेकीला, सुमीला, बाळंतपणासाठी उद्या शहरात न्यायचं होतं; आता इथंच ठेवावं का, असा त्यांचा विचार दिसला.

“त्या अजून शिकतायत, मावशी,” मी हळूच म्हटलं.

“शिकू देत की! शिकवायला मोठ्या डॉक्टर मॅडम आहेत. आधीचे डॉक्टर दुपारच्या एसटीनं घरी जायचे. बाळ काय एसटी बघून येतं?”

मग त्यांनी आत हाक मारली, “सुमे, बॅग रिकामी कर गं. इथंच राहायचं.”

आतून सुमी मोकळं हसली.