दोन शेळ्यांच्या मदी थोरलं दीर

त्या दिशी कड्याखाली कोन कोन हुतं ते आदी सांगते, मागनं कुनाला इसरले म्हनून बोल नगं. मी, माजं मालक, माजं थोरलं दीर, त्येंची बायकू म्हंजी माजी जाऊ, दोन शेळ्या, आन वर कड्यावर रवंथ करत उभी ऱ्हायल्याली म्हस. समदा घोळ तिनं घातला आन तिलाच कायबी झालं न्हाई.

किल्लारीचा भूकंप झाला, त्येच्या पुढला पावसाळा. पाटणच्या वरल्या अंगाला डोंगरात आमचं गाव. दीर मिल्ट्रीतनं हवालदार हून आल्यालं, म्हशीलाबी "सावधान" म्हनायचं. ती म्हस कड्याखाली उतरली, तिला आनाया दीर उतरलं आन पाय घसरला. म्हस आपली आपुन वर आली. दीर न्हाई आलं.

दुपारी आमाला घावलं तवा नडगी मोडल्याली, आंगावरचं समदं वलंचिप्प, दात वाजत्यात. मालकांनी आपली घोंगडी वरनं टाकली आन "मानसं आन डोली घिऊन येतो" म्हनून गावाकडं पळालं. घोंगडी वर, खाली चिखल. पर मालकांची अक्कल तेवढीच. त्यात त्येंचा दोष न्हाई, सासूनं तशीच दिल्याली.

आता माजी अक्कल ऐका. लगीन हून ईस वर्सं झाली तरी थोरल्या दिरासंगं मी एक सबूद बोलल्याली न्हवते. आमच्यात रीतच तशी. त्ये आलं की डोईवर पदर आन मी दाराआड. काय सांगायचं तर मदी जाऊ. तवा तितंबी मी पाठ करून बसले! मानूस काकडतंय, आन मी पदर सावरतीया. तासभर तरी गेला आसंल. त्यो तास मला आजबी टोचतो.

मंग दात वाजायचं थांबलं. जाऊ म्हनली, "बरं वाटाय लागलं जनू."

मी वळून बघितलं. ओठ निळं, आन परेडचं कायतरी पुटपुटत्यात. मी जल्मभर शेळ्या राखल्याल्या. पावसात झाल्यालं करडू कापतंय तवर आशा आसती. गार आसून कापायचं थांबलं, की खड्डा खणाया घ्यायचा.

"आक्का, वलं कापड काडा त्येंचं."

"समदं?"

"समदं."

"आगं, थोरलं दीर हायत तुजं!"

"जगलं तर लाजंन. आदी जगू द्या."

धा पावलांवर कपार हुती, शेळ्या तितंच पावसाच्या आडुशाला बसल्याल्या. पायाला काठी लावून लुगड्याच्या चिंधीनं बांदली आन दोगींनी वडत नेलं. वजन म्हंजी काय! मिल्ट्रीनं लय खायाला घातल्यालं. कपारीत सुक्या लेंड्यांचा ईतभर थर. त्येवर माज्या इरल्याखालचं कोरडं पोतं हातरलं. कापड म्याच काडलं. नवरा जाऊचा, आन डोळं झाकून तीच बसली! मंग घोंगडी झटकून वर घातली, दोन्ही अंगाला एकेक शेळी बसवली. डोस्कं जाऊनं पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं. मी पायाशी, धड पायाचा तळवा माज्या पोटाला धरून.

बराच येळ कायबी न्हाई. जाऊ रडाय लागली. मंग घोंगडीतनं बारीक आवाज आला, "तिला म्हनावं, शेळी सरकव. वास मारती."

जाऊ मला म्हनली, "शेळी सरकव म्हंत्यात."

मी जाऊला म्हनलं, "त्यास्नी सांगा, शेळीनं तुमच्या वासाची तक्रार केल्याली न्हाई."

घोंगडी हालली. हसलं का कापलं, ठावं न्हाई. पर करडू परत कापाय लागलं की वाचतं.

मालक डोली घिऊन आलं. संगच्या एकानं ऊब म्हनून दारूची बाटली काडली. दारूनं आंग आनिक गार पडतं, म्हनून मी ती लेंड्यांत वतली. त्यापायी गावात मला लय शिव्या बसल्या.

सांगलीच्या दवाखान्यात नडगी जोडली, जरा वाकडी. पायाची दोन बोटं मातुर कायमची बधिर झाली. ती माज्या त्या तासाची.

पुढं जाऊ गेली, मदी कोन ऱ्हायलं न्हाई. तरीबी दीर माज्यासंगं सरळ बोललं न्हाईत. दावनीच्या शेळीला सांगायचं, "च्या मिळंल का इचार गं." मीबी शेळीलाच सांगायची, "ठिवलाय म्हनावं." शेवटापतुर आसंच चाललं.

तवा वाचनाऱ्यांनो, एवढं करा. डोंगरात कोन पडल्यालं घावलं तर आदी वलं कापड काडा, खाली सुकं घाला, मंग वरनं पांगरा आन चिकटून बसा. कोन कुनाचं काय लागतं, ते मागनं बघा.