वलांड्या ठेवा, बोंबील नको: मढची एक फेरी

नीताने मढला फ्लॅट घेतल्यापासून ती आम्हा मुलुंडकरांशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलते. घाटकोपरच्या चाळीत आम्ही शेजारी वाढलो. आता तिला समुद्र आहे, शांतता आहे आणि ‘गावपण’ आहे. शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी तिचं गावपण बघायला निघाले.

घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा, रिक्षाने जेट्टी, पुढे फेरीबोट. तिकीट वडापावपेक्षा स्वस्त, दुचाकीही चढते. चारचाकीवाल्यांनी मार्वेवरून लांबचा फेरा घ्यावा आणि रस्ता इतका अरुंद कसा, असं कोळ्यांना विचारू नये. तुम्ही येईपर्यंत तो पुरत होता.

उतरल्यावर आधी जाळ्यांचे ढीग आणि होड्या, मग शूटिंगला भाड्याने जाणारे बंगले, मग लग्नाची लॉन्स, आणि ज्यांची नावं एकाही कोळ्याला उच्चारता येऊ नयेत अशा इमारती. त्यातल्या एकीत नीता राहते. तिच्या बाल्कनीखाली मैदान, मैदानात वलांड्या, म्हणजे बोंबील सुकवायचे बांबूचे उंच सांगाडे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टांगलेले, ओळीच्या ओळी, उन्हात चमकणाऱ्या. फ्लॅटच्या जाहिरातीत हाच फोटो होता. फोटोला वास नव्हता.

“वासाचा इश्यू आहे गं,” नीता खिडकी लावत म्हणाली. हिच्या आईच्या स्वयंपाकघरात सुक्या मासळीचा डबा देवाच्या खालोखाल मानाचा होता.

संध्याकाळी त्याच विषयावर सोसायटीची सभा होती. मैदान कागदोपत्री सोसायटीचं, वापरात मात्र हिराबाई कोळणीच्या आजेसासूपासूनचं. हिराबाई खाली बोंबील उलटत होत्या. वर्षाची कमाई त्या याच उन्हात करतात, त्यामुळे न बोलावता सभेला आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. सेक्रेटरींनी मोठ्या मनाने मधला मार्ग सुचवला: वलांड्या काढायच्या नाहीत, ती आपली संस्कृती आहे. उलट रंग देऊ, दिव्यांच्या माळा सोडू. फक्त बोंबील नकोत. टाळ्या पडल्या. नीतानेही वाजवल्या.

हिराबाईंनी टाळ्या संपू दिल्या. “मंग मना पन रंगवून उबी करा ना तिथं,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी हसलं, आणि ठराव पास झाला.

अंधार पडायच्या आत हिराबाई आणि त्यांच्या दोन जावांनी दोऱ्या सोडल्या, बांबू खांद्यावर घेतले आणि नेले. बांबू त्यांचे होते. हा मुद्दा सभेत कुणाला सुचला नव्हता. आता घराच्या पत्र्यावर मावतील तेवढेच सुकवणार, बाकीचा माल ओलाच व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात, असं त्यांनी मला सांगितलं, आणि मैदानातल्या शेवटच्या बोंबलांची एक जुडी बांधून दिली. जाणकारांसाठी सूचना: सुके बोंबील पिशवीत असतील तर परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळते.

महिन्याभराने नीता मुलुंडला आली. मैदानात आता गाड्या लागतात, बाल्कनीतून टपांची रांग दिसते, असं तिने सांगितलं. मी त्याच जुडीतल्या बोंबलांचं कांदा-बटाटा घालून कालवण केलं होतं. तिने दोनदा वाढून घेतलं, मग पातेलं स्वतःकडे ओढलं.

“कुठून आणलेस गं?” तिने विचारलं. “आमच्याकडे हल्ली चांगले बोंबील मिळतच नाहीत.”