वाचायचं नाही, फाडायचं

माझी वहिनी म्हणजे नाकासमोर चालणारी बाई, असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. त्या सरळपणाचे चटके घरच्यांना बसलेत, म्हणून मी सांगते.

आम्ही दोघी एकाच शेडमध्ये कामाला होतो. काम काय, तर दुसऱ्यांचे कागद फाडायचे. बँका, वकील, दवाखाने, कारखाने आपले जुने कागद सीलबंद खोक्यांत घालून पाठवतात. वहिनी टेबलावर बसून त्यातल्या लोखंडी क्लिपा आणि फायलींचे पुठ्ठे काढायची आणि कागद सरकत्या पट्ट्यावर टाकायची. पट्टा माझ्या यंत्रात यायचा आणि पलीकडे नुसता भुगा पडायचा. मग पाठवणाऱ्याला आमच्याकडून दाखला जायचा, की तुमच्या कागदांचं आता नामोनिशाण उरलेलं नाही. आमच्या कामाच्या कपड्यांना खिसे नव्हते, फोन दाराशी जमा करायचा, आणि डोक्यावर चार कॅमेरे.

टेबलावरच्या माणसासाठी आणखी एक अट होती. त्याला वाचता येता कामा नये. मालक गिऱ्हाइकांना हे छाती फुगवून सांगायचे, की आमच्या टेबलावर तुमचा कागद कोणी तासभर हातात धरला तरी त्याला काही कळणार नाही. यंत्रावरच्याला बटणांवरचं वाचावं लागतं, त्यामुळे मी सातवी पास असून चालले. सगळ्या जगात शिकलेली माणसं हवीत आणि इथे न शिकलेली. आहे की नाही गंमत?

माझ्या भावाची पाठ कामातून गेली, तेव्हा मीच मालकांना सांगितलं की माझी वहिनी पक्की अक्षरशत्रू आहे, डोळे मिटून घ्या. त्यांनी घेतलं. भाऊ घरात पडून, दोन पोरी, कमावती ती एकटी. सहा वर्षं तिने त्या टेबलावर काढली. हात असा चालायचा की सगळे तिला चिमटाबाई म्हणायचे. तिलाही ते आवडायचं.

मागच्या वर्षी तिची धाकटी पहिलीत गेली आणि घोळ सुरू झाला. पोरगी बाराखडी गिरवायला बसली की ही शेजारी बसायची. एकदा मी त्यांच्या घरी गेले, तर बाई औषधाच्या बाटलीवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत होत्या. म्हटलं, अगं, या वयात ही काय अवदसा आठवली? मालकांना कळलं तर चूल बंद होईल. त्यावर ती म्हणाली, टेबलावर मी वाचतच नाही. ते मात्र खरं होतं. ती कागद पालथे करूनच हाताळायची.

मग एका मंगळवारी परिचारिकांच्या शाळेतून अठरा खोकी आली. जुन्या उत्तरपत्रिका, असं पावतीवर होतं. दुपारपर्यंत सतरा खोक्यांचा भुगा झाला. अठराव्यातला पहिला गठ्ठा पट्ट्यावर आला आणि यंत्रात गेला. दुसरा गठ्ठा क्लिपेतून सुटला आणि सगळे कागद उताणे पडले. मी तिकडे बघितलं तर वहिनीचे ओठ हलत होते. मग ती उठली आणि टेबलाच्या कडेचं लाल बटण दाबलं. यंत्र थांबलं. सहा वर्षांत ते बटण कोणी दाबलेलं मी पाहिलं नव्हतं.

सुपरवायझर धावत आला, पाठोपाठ मालक आले. वहिनी म्हणाली, या उत्तरपत्रिका नाहीत, मुलींची पास झाल्याची सर्टिफिकिटं आहेत, खरीखुरी. शाळेला फोन झाला. तिथल्या कारकुनाने न नेलेल्या सर्टिफिकिटांचं खोकं चुकून रद्दीत लावलं होतं. तीस-चाळीस मुलींची गेलीच होती, बाकी सगळी वाचली.

सगळं निस्तरल्यावर मालकांनी विचारलं, "तुला कसं कळलं?"

मी समोरून डोळ्यांनी खुणावत होते, की सांग, कागद जाड लागला, सोनेरी शिक्का दिसला. कोणीही विश्वास ठेवला असता.

"वाचलं," ती म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मालकांनी आवाज चढवला नाही. वाईट वाटतं म्हणाले, पण गिऱ्हाइकांना शब्द दिलाय. झाडलोटीवरही ठेवता येईना, कारण कागद जमिनीवरही पडतात. त्याच दिवशी तिचा हिशोब झाला. शाळेचा माणूस आला, खोकं घेऊन गेला. यंत्र कोणी थांबवलं, हे त्याने विचारलंसुद्धा नाही.

घरी जाताना मी तिला वाट्टेल ते बोलले. लष्कराच्या भाकऱ्या कोणी सांगितल्या होत्या? त्या पोरी तुझ्या कोण लागतात? तुझ्या पोरींनी आता काय खायचं? तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, की एकदा वाचल्यावर कसं फाडायचं?

आता खरं सांगते. त्या दिवशी गाडीतून खोकी मीच उतरवून घेतली होती. अठराव्या खोक्याच्या बाजूला चिठ्ठी होती, 'मूळ प्रमाणपत्रे, न नेलेली'. मी ती वाचली. मनात म्हटलं, पाठवणाऱ्यांना डोळे आहेत, आपण बरं आपलं काम बरं. आणि मालक विचारत होते, तेव्हा 'चिठ्ठी मी वाचली होती, तिला मीच सांगितलं' एवढं मी बोलले असते, तर तिची नोकरी राहिली असती. मला वाचायची बंदी नव्हती. पण मग मालक म्हणाले असते, की सकाळीच का नाही सांगितलंस. म्हणून मी मूग गिळून बसले आणि तिला नुसती खुणावत राहिले. माझी मलाच लाज वाटते.

वहिनी आता एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते, निम्म्या पगारावर. गेल्या आठवड्यात मी तिथे गेले. ती एकटीच होती. तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि घडी घालता घालता मी तिला चिठ्ठीचं सगळं सांगून टाकलं. घडी पुरी झाली, तिने ती माझ्या हातातून घेऊन फळीवर ठेवली.

"मग तेव्हा बोलायचं ना, वन्सं."

पुढची चादर तिने एकटीनेच धरली.