हात लावेल तिथे गंज

आमच्या गल्लीत त्याला सगळे मोजे म्हणतात. खरं नाव विजेच्या बिलावर असेल, पण बिल वाटणारासुद्धा "मोजे आहेत का?" असंच विचारतो. उन्हाळा असो की थंडी, त्याच्या दोन्ही हातांत पातळ पांढरे हातमोजे असतात. चहा पितानाही. नवखा माणूस हात मिळवायला पुढे होतो, तेव्हा मोजे नुसती मान डोलावतो आणि आपले हात पाठीमागे नेतो. समोरच्याला वाटतं, काय हा तोरा! पहिली काही वर्षं मलाही तसंच वाटायचं. माझं सीटकव्हरचं दुकान त्याच्या दुकानाला लागून आहे, आणि शेजाऱ्याचा तोरा माणसाला जरा जास्तच टोचतो.

धंदा म्हणाल तर गाडीचा जळका धूर बाहेर नेणाऱ्या भागांना उष्णता सोसणारे लेप द्यायचे. सायलेन्सर, त्याच्या नळ्या, आणि इंजिनाला चिकटलेला तो ओतीव लोखंडाचा पंजा, ज्याला मॅनिफोल्ड म्हणतात. साधा रंग तिथे लावला तर आठवड्याभरात करपून त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून वेगळे लेप. चंदेरी लेप स्वस्त, पण ओरखडा सोसत नाही. सिरॅमिकचा लेप महाग आणि भट्टीत भाजल्याशिवाय पक्का होत नाही. गिऱ्हाईक येतं ते "काळा आहे का?" असं विचारतच. मोजे म्हणतो, "रंगाचं मागाहून बघू. आधी गाडी काय काय करते ते सांगा." मग रोज लांब पळते की कोपऱ्यावरून भाजी आणते? पाण्यातून जाते का? इंजिन गरम असतानाच धुता का? घरमालक नवीन भाडेकरूला एवढं विचारत नाही. छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा त्याला भारी राग. ती पुरती तापत नाही, नळ्यांवरचा ओलावा उडत नाही आणि लोखंड गुपचूप कुजत राहतं.

लेप कुठलाही निवडा, खरं काम त्याच्या आधीचं. भाग एका बंद पेटीत ठेवून त्याच्यावर वाळूचा मारा करायचा. जुना रंग, गंज, तेल सगळं उडून लोखंड राखाडी, कोरं निघतं. त्यानंतर लेप बसेपर्यंत त्याला उघडा हात लावायचा नाही. या धंद्यात हा एकच सोवळेपणा, आणि तो मोजे माझ्या मते गरजेपेक्षा जास्त पाळायचा.

मग एकदा कधीतरी त्यानेच मला कारण सांगितलं. त्याच्या हाताच्या घामाने लोखंड गंजतं. थट्टा नाही. काही माणसांचा घामच तसा असतो, कारखान्यांतले लोक त्यांना चांगले ओळखून असतात. हा तरुणपणी एका लेथच्या दुकानात लागला होता. याने हाताळलेल्या तासीव दांड्यांवर दुसऱ्या दिवशी तपकिरी बोटं उठायची. मालकाने आधी तेल बदललं, मग माणसं बदलली, शेवटी याचे हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्या हाताला अवदसा आहे." तिथून हाकलल्यावर दोन-तीन ठिकाणी तेच झालं. लेपाच्या धंद्यात सगळेच हातमोजे घालतात म्हणून हा तिथे खपून गेला. फरक एवढाच, की बाकीचे जेवताना काढतात, याने काढायचेच सोडून दिले. हे ऐकल्यावर मी त्याच्या तोऱ्याबद्दल बोलणं बंद केलं. वाईट वाटलं मला, उगाच लपवत नाही.

लग्न त्याने उशिरा केलं. वहिनी आल्या त्या एक लहान मुलगी घेऊनच. पहिला नवरा वारला होता. मुलगी पहिल्या दिवसापासून याला काका म्हणायची आणि मला मामा. म्हणजे बाप आणि शेजारी तिने एकाच ओळीत उभे केले होते. याने कधी ब्र काढला नाही. तिला शाळेत सोडायचा, तिची सायकल दुरुस्त करायचा, ती आजारी पडली की दुकान बंद ठेवून उशाशी बसायचा, आणि सगळं असं लांबून लांबून, जणू कुणाची तरी ठेव सांभाळतोय. गल्लीतले काही शहाणे म्हणायचे, परकं रक्त ते, पंख फुटले की उडेल. ते याच्या कानावर जात असणार. आमच्या गल्लीत कानावर न जाणारं काही नसतं.

मुलगी शिकली, दोन नोकऱ्या करून कंटाळली आणि "दुसरं काही मिळेपर्यंत बसते" म्हणून दुकानात येऊ लागली. बसली कसली, गिऱ्हाइकांना करायची मोजेची सगळी चौकशी तिने आठवड्यात उचलली आणि वर त्यात हसणं घातलं, जे याला जन्मात जमलं नव्हतं. गिऱ्हाइकं वाढली. मोजे आता दिवसभर आत भट्टीपाशी असायचा आणि बाहेर तिचा आवाज आला की कामाचा हात जरा हळू व्हायचा. त्याला काय हवं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पोरीने दुकान आपलं म्हणावं आणि राहावं.

आणि नेमकं तेव्हाच तिला एका मोठ्या शोरूममधून बोलावणं आलं. तिने चहाच्या वेळी विचारलं, "काका, जाऊ का?"

"तुझं तू बघ," मोजे म्हणाला.

ती आत गेल्यावर मी त्याच्यावर चिडलो. "अरे, नको जाऊस म्हण की! तोंडाला कुलूप लावलंय का?"

"म्हणायला मी कोण?"

मी कपाळाला हात लावला.

शोरूमला उत्तर द्यायला दीड-दोन महिन्यांचा अवकाश होता. त्यातच दाताचे डॉक्टर आले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची एक जुनी गाडी आहे. तिचा मॅनिफोल्ड काढून त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला होता, तान्हं मूल आणावं तसा. त्यांना आरशासारखा चकचकीत लेप हवा होता. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, गाडी किती चालवता?"

"रविवारी. क्लबपर्यंत आणि परत."

"मग चकचकीत नको. ओतीव लोखंड आहे, पृष्ठभाग खडबडीत. त्यावर चमक आणायची तर थर जाड द्यावा लागेल, आणि जाड थर तापला की तडकतो. सिरॅमिकचे पातळ दोन हात देऊ, राखाडी. दिसायला साधं दिसेल, पण रविवारच्या गाडीला तेच टिकेल."

डॉक्टरांनी नाक मुरडलं आणि कबूल झाले. मोजे आतून ऐकत होता. पहिल्यांदाच एखादं काम तिने एकटीने ठरवलं होतं. वाळूचा मारा याने केला, लेप तिने दिला, भट्टी दोघांनी मिळून लावली. माल देखणा झाला, आणि डॉक्टर टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

थोड्याच रविवारांनी ते परत आले. या वेळी टॉवेल नव्हता. मॅनिफोल्ड टेबलावर ठेवून त्यांनी फक्त बोट दाखवलं. वळणावर चार ठिकाणी लेप फुगून उचलला होता आणि खालून तपकिरी गंज डोकावत होता. चार डाग एकापुढे एक, आणि पलीकडच्या बाजूला एक. हे कशाचे ठसे आहेत ते मलासुद्धा कळलं.

मुलीचा चेहरा पडला. मोजेने डागांकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचं रक्तच उतरलं. एवढी वर्षं जपलेली गोष्ट फुटली असं त्याला वाटलं असणार.

"माझा हात लागला असेल," तो म्हणाला. "नवीन करून देतो, डॉक्टर. पैसे नकोत. उद्या सकाळी या, कसं करायचं ते ठरवू."

डॉक्टर भला माणूस. बरं म्हणाले आणि गेले. मग मोजेने कधी नव्हे तो उजव्या हातातला मोजा काढला. आतला हात मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिला. साधा, गोरटेला, सुरकुतलेला हात. त्याने तो डागांवर ठेवला. बसेना. त्याची बोटं जाड, डाग बारीक आणि जवळजवळ.

"काका, तो मीच धरला होता," मुलगी म्हणाली. "खड्डे नीट साफ झालेत का ते हातमोज्यातून कळेना, म्हणून तो काढून चाचपलं. क्षणभरच. मग स्पिरिटने पुसलं पण होतं."

"पुसलं होतंस?"

"चांगलं घासून."

पुसल्यावर साध्या हाताचा एवढा गंज उठत नाही, हे मोजे जगात सगळ्यात चांगलं जाणत होता. त्याने पत्र्याचा एक तुकडा वाळूच्या माऱ्याखाली धरून कोरा केला, टेबलावर ठेवला आणि आपला उघडा पंजा त्यावर दाबला. मग मुलीला म्हणाला, "तू दाब." तिने दाबला. मग मला म्हणाला, "तूही."

"माझा काय संबंध?"

"साधा माणूस पाहिजे एक."

जन्मात पहिल्यांदा कुणी मला कामासाठी साधा माणूस म्हणून निवडलं होतं. मी दाबला. रात्रीत गंज उठावा म्हणून पत्रा एका ओल्या पोत्याजवळ ठेवून आम्ही दुकानं बंद केली.

सकाळी मी आलो तेव्हा दोघं पत्र्यापाशी उभे होते आणि डॉक्टरही येऊन पोचले होते. माझ्या पंजाच्या जागी नुसती पुसट सावली होती. तिच्याशेजारी दोन पंजे, एक मोठा, एक लहान, दोन्ही रेघारेघांसकट तपकिरी. एकाच रंगाचे.

मोजे हसायला लागला. मी त्याला हसताना पाहिलं होतं, पण असं नाही. खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. गिऱ्हाइकाचा माल बिघडल्यावर इतका खूश झालेला कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही. त्याने डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं, घाम, लोखंड, अवदसा, सगळं. जी गोष्ट त्याने आयुष्यभर लपवली ती तो मिरवत होता.

डॉक्टरांनी चष्मा सारखा करून दोन्ही पंजे निरखले. "बरोबर आहे," ते म्हणाले, "मुलीचे हात वडिलांवर गेलेत."

त्यांना काय माहीत? मी मुलीकडे पाहिलं. "वडील नाहीत, काका" अशी दुरुस्ती ती सहज करू शकत होती. शाळेत, दवाखान्यात, प्रत्येक ठिकाणी करायचीच. या वेळी तिने केली नाही. मोजेही जागच्या जागी थिजला. मी उगाच पोतं उचलून बाजूला ठेवलं.

डॉक्टर गेल्यावर मला वाटलं, आता तरी हा बोलेल. बोलला, पण भलतंच.

"शोरूमला होकार कळव," तो मुलीला म्हणाला. "तिकडेच जा."

मुलगी गर्रकन वळली.

"काका, हाकलताय मला? एक काम बिघडलं म्हणून?"

"कामाचं काय, परत करू. पण या हातांनी या धंद्यात राहू नकोस. मी राहिलोय. माणसं लांब राहतात, आपणही लांब राहायला शिकतो. कुणाला हात लावायची सवयच जाते." तो थांबला. मोजे न घातलेले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. "इतके दिवस कर-नको काही सांगितलं नाही, कारण सांगायचा हक्क नव्हता. आता मुलीला सांगतोय, म्हणून सांगतो. जा."

मुलगी पुढे झाली. मग तिने त्याचा उघडा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्याने तो सोडवून घ्यायला पाहिलं, तिने सोडला नाही.

"मुलीला सांगताय ना?" ती म्हणाली. "मग मुलगी ऐकत नाही, बाबा."