साडूंच्या जाळ्या

या जगात एकाही माणसावर विश्वास न ठेवता साठी ओलांडलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. अमडापूरला राहणारे हे गृहस्थ उभा जन्म एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली तरी त्यांची नजर काही सेवानिवृत्त झाली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे आला, की ते आधी शेजाऱ्याला दोन घास खाऊ देतात, त्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबतात आणि मग स्वतः भाजीला हात लावतात. कुणी रस्त्यात हसून नमस्कार केला, की नमस्कार परत करण्याआधी मागे वळून पाहतात, कारण त्यांच्या मते विनाकारण हसणारा माणूस एकटा नसतो. स्वतःच्या लग्नात नवरी मंचावर आल्यावर त्यांनी सासऱ्यांना हळूच विचारलं होतं, "दाखवली तीच हाय ना?" सासरे, म्हणजे माझेही सासरे, ही गोष्ट शेवटपर्यंत सांगत आणि दर वेळी नव्याने चिडत.

मलकापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. एकदा ते डोळे तपासायला आले. समोरच्या तक्त्यावरची वरची मोठी अक्षरं त्यांनी खणखणीत वाचली. पुढे ओळीगणिक अक्षरं बारीक होऊ लागली तसे ते थांबले, चष्म्याची चौकट नाकावरून खाली घेतली आणि म्हणाले, "साडूभाऊ, हे खाली खाली बारीक काऊन करत गेले? काहीतरी लपवून राह्यले." मी म्हटलं, नंबर कळण्यासाठी ते तसं असतं. "तुमी म्हनता तं असंल," असं ते म्हणाले खरे. पण जाताना तक्त्याची मागची बाजू उलटून पाहिलीच.

अशा माणसाच्या हाती समाजमाध्यमं लागली, याला कारण माझी मुलगी. साडूंच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही सगळे माई म्हणतो. माईच्या हातची गोधडी एकदा पांघरली की दुसरं पांघरूण अंगाला टोचतं. धावदोरा असा सारखा, की मुंग्यांची रांग शाळेत जाऊन आल्यासारखी वाटावी. मुलीने सुट्टीत अमडापूरला जाऊन माईच्या हातांचे व्हिडिओ काढले, साडूंच्या फोनवर पान उघडून दिलं आणि खाली हॅशटॅग टाकायला शिकवले. ती आडव्याउभ्या रेघांची खूण पाहून साडू सावध झाले. "ही जाळी कायची?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, "मोठेबाबा, या खुणेपुढे जो शब्द लिहाल, तो शब्द शोधणाऱ्याला आपला व्हिडिओ सापडतो." साडू म्हणाले, "म्हंजे जाळीच. जाळी लावली की कोनीतरी सापडनारच." तेव्हापासून आमच्या घराण्यात हॅशटॅगला जाळी म्हणतात.

मुलीने नीट समजावलं होतं. खंडीभर जाळ्या लावायच्या नाहीत, मोजक्याच लावायच्या. 'भारत' किंवा 'प्रेम' असल्या अफाट शब्दांत आपली गोधडी बुडून जाईल, म्हणून वस्तूचं नाव, गावाचं नाव, कामाचं नाव घ्यायचं. शिवाय एक शब्द आपला स्वतःचा, जो दुसऱ्या कुणाचा नाही. हे साडूंना एकदम पटलं. "खरं हाय. नागपूरच्या गाडीत गर्दी लय, पन कोनी कोनाले ओयखत नाही. अमडापूरच्या गाडीत धाच माणसं, पन धाहीच्या धा आपले." मग #गोधडी, #धावदोरा, #अमडापूर आणि खास स्वतःची म्हणून #माईचीगोधडी, अशा जाळ्या लागू लागल्या. त्यात साडूंनी स्वतःच्या अकलेने दोन वाढवल्या: #चोरांनीपाहूनये आणि #फुकटचौकशीबंद. मुलीने कपाळाला हात लावला. पण लोकांना नेमक्या त्याच आवडल्या. माईचे हात, मागून साडूंचा दरडावणारा आवाज, "जय भीम मंडळी. हा व्हिडिओ पाहा, पन कापडाकडं पाहा, घराकडं पाहू नका," आणि खाली चोरांना ताकीद. लोक एकमेकांना पाठवू लागले. पाहणारे वाढत चालले.

दुसरा कुणी असता तर हरखून गेला असता. आमच्या साडूंची झोप उडाली. "एवढे लोक काऊन येऊन राह्यले? आपन तं काही फुकट वाटून नाही राह्यलो," ते मला फोन करून विचारत. मग त्यांनी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला निरोप धाडायला सुरुवात केली: 'नमस्कार. आपण कोण? गाव कोणते? आम्हाला का पाहता?' तिकीट तपासावं तसं हे काम ते गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत करत. गंमत म्हणजे लोक उत्तरं देत. जालन्याकडच्या एका गृहस्थाने तर स्वतःचा खरेपणा पटवायला गोठ्यातल्या म्हशीसकट फोटो पाठवला. साडूंनी तो मोठा करून पाहिला आणि म्हशीबद्दल शंका नाही, असा निर्वाळा दिला.

या गर्दीत एक खातं होतं, 'साखरखेर्ड्याची लेक' नावाचं. चेहऱ्याच्या जागी सदाफुलीचं फूल. व्हिडिओ टाकला रे टाकला, की पहिली पसंती हिची. साडूंचा संशय तिच्यावर पक्का बसला. साखरखेर्ड्याच्या गाडीवर त्यांनी अर्धी नोकरी काढली होती; तिथली आपल्याला ठाऊक नसलेली लेक असूच कशी शकते? आणि एक दिवस तिचाच निरोप आला. ती नागपूरला एकटी राहत होती. आई काही महिन्यांपूर्वी वारली होती, तिच्या साड्या घरात होत्या, घडी मोडवत नव्हती. माई त्यांची गोधडी शिवून देतील का, असं तिने विचारलं होतं.

साडूंनी तिच्याकडे आधार कार्ड मागितलं. मग घराचा फोटो मागितला. मग आईचा मृत्यूचा दाखला मागितला.

तिचं उत्तर एका ओळीचं आलं. 'राहू द्या मामा. आईचा पुरावा मागाल असं वाटलं नव्हतं.' आणि त्यांच्या पानावरून ते सदाफुलीचं फूल नाहीसं झालं.

साडू विजयी मुद्रेने माईकडे गेले. "पयाली! मले पयल्या दिवसापासून डाऊट होता." माईने फोन हातात घेतला, ती ओळ वाचली आणि सुई कापडात खोचून ठेवली. "तिची माय मेली," ती म्हणाली, "अन् तुमी दाखला मांगता?" एवढंच. भांडण नाही, रडणं नाही. अर्धी शिवलेली गोधडी घडी घालून तिने पेटीत ठेवली आणि त्यानंतर सुईला हात लावला नाही. शेजारणी विचारायला आल्या की म्हणायची, "डोये दुखून राह्यले." डोळ्यांचा माणूस मी, पण मला कुणी बोलावलं नाही, त्यावरून दुखणं काय ते मी ओळखलं.

तिसऱ्या आठवड्यात साडू माझ्या दुकानात येऊन बसले. तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "साडूभाऊ, एखाद्या मानसानं दार लावून घेतलं तं त्याले आवाज कसा द्याचा? मी दोन निरोप धाडले. ते पाहून नाही राह्यली." मी मुलीला फोन लावून दिला. ती म्हणाली, "मोठेबाबा, तिच्यापर्यंत जाता येत नसेल, तर ती जिथे जाते तिथे आपण जाऊन बसायचं. ती काय शोधत असेल, याचा विचार करा." फोन ठेवून साडू विचार करू लागले. आयुष्यभर त्यांनी लोक काय लपवत असतील याचा विचार केला होता. लोक काय शोधत असतील, हा विचार त्यांना नवा होता, आणि तो करताना त्यांचा चेहरा अवघडलेला दिसत होता. "माय गेल्यावर पोरगी काय शोधंल?" ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्यासमोर एकेक अक्षर दाबत त्यांनी जाळ्या लिहिल्या: #साखरखेर्डा, #आईचीसाडी, #माहेर. आणि एक नवी, फक्त तिच्यासाठी: #ताईसाड्यापाठवा.

तोवर त्यांनी कधी स्वतःचा चेहरा दाखवला नव्हता. त्या दिवशी माझ्या दुकानात, मागे चष्म्यांच्या चौकटी, असे ते उभे राहिले. "जय भीम. मी शंका घेतली. घ्याले नोको होती. माई शिवाची थांबली हाय. साड्या पाठवा, बाई." चोरांना ताकीद त्या व्हिडिओखाली नव्हती.

तो व्हिडिओ आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त फिरला. कुठकुठल्या बायांनी आपापल्या आयांच्या साड्या पाठवू का म्हणून विचारलं. साडू सगळ्यांना हो म्हणत. पण रोज सकाळी त्यांचं बोट पाहणाऱ्यांच्या यादीवरून सरकत जाई ते सदाफुलीसाठी. आठवडा गेला, दुसराही गेला. मग तिचा निरोप आला, तोही साडूंना नव्हे: 'माई, पाठवते.'

गठ्ठ्यात रोजच्या वापराच्या साड्या होत्या आणि एक पांढरी, पौर्णिमेला विहारात नेसायची. माईने ती कापली नाही. अख्खी उलगडून मधोमध ठेवली आणि बाकीच्या तिच्याभोवती लावल्या. गोधडी झाल्यावर ती कुरियरने पाठवायचा विषय निघाला, तेव्हा साडू मूळ पदावर आले. "रस्त्यात बदलली तं? आपन सोता जाऊ." मला साक्षीदार म्हणून सोबत घेतलं. मलकापूरहून नागपूरपर्यंत गोधडी मांडीवर. शेजारच्या प्रवाशाने सहज हात लावून "मस्त आहे" म्हटलं, तर साडू खिडकीकडे सरकले.

नागपुरात दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. साडूंनी दारावर टकटक करून "आहे का कोनी?" म्हटलं, तोच दार सताड उघडलं. चाळिशीची बाई, अंगावर दवाखान्यातल्या परिचारिकेचा पोशाख, कामावर निघालेली. "या मामा, या ना," म्हणून ती बाजूला झाली. साडू उंबऱ्यावरच भडकले. "असं दार उघडता बाई? कोन हाय, कुठला हाय, इचारलं का? एकट्या राहता तुमी!"

"तुमचा आवाज ओळखला, मामा," ती म्हणाली. "आई शेवटी अंथरुणावर होती ना, तेव्हा रोज तुमचेच व्हिडिओ लावायची. 'हा अमडापूरचा बाबा लय भांडकुदळ हाय, लाव त्याले,' म्हणायची. तिला हसू यायचं."

साडूंनी गोधडी पुढे केली. तिने ती पलंगावर पसरली, पांढऱ्या साडीवर तळवा ठेवला आणि तशीच बसून राहिली. आम्ही दोघे खिडकीतून खालचा रस्ता बघत उभे होतो. परतीच्या गाडीत अकोला मागे पडलं. साडू म्हणाले, "कोन पाहून राह्यलं, आपल्याले पत्ता नसते बाप्पा."

ते बदलले असं मी म्हणणार नाही. पंगतीत अजूनही शेजाऱ्याचे दोन घास आधी पोटात जातात. पण परवा आम्ही अमडापूरला गेलो होतो. संध्याकाळी माई ओट्यावर शिवत बसली होती आणि साडू फोनवर नवीन आलेल्या माणसांची नावं तिला वाचून दाखवत होते. वाटलं, आता चौकशी सुरू होणार. एका अनोळखी नावावर ते थांबले, फोन जरा दूर धरून पाहिला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ह्याची माय जित्ती असंल का वं?"

माईने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "असंल. तुमी वाचा पुढचं."