काळ्या कागदातली नळी

भूतबित, शकुन-अपशकुन यांच्याशी माझं कधीच जमलं नाही. साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे मी. बिघाड असला की कारण असतंच, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय...

बायकोचा रक्तगट निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, आष्ट्याला. मुलगा झाल्यावर तीन दिवसांच्या आत तिला एक इंजेक्शन द्यायचं होतं. माहेरच्यांना वाटलं सासरचे बघतील, आम्हाला वाटलं तिकडं दिलंच असेल. ते राहिलं. मग पुढच्या खेपेला तिचंच रक्त पोटातल्या बाळाच्या रक्तावर उठायला लागलं. दुसरं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं.

तिसऱ्या खेपेला कराडच्या डॉक्टरांनी पोटात सुई घालून गर्भजल काढलं. पाणी जितकं पिवळं, तितका बाळाला धोका. तपासणी सांगलीत, आणि त्या पाण्याची नळी नेऊन द्यायची नातेवाइकांनीच. उजेड लागला तर रिपोर्ट चुकतो, म्हणून ती काळ्या कागदात गुंडाळलेली. रात्रपाळी करून आलेलो मी, नळी शर्टाच्या खिशात ठेवून एसटीत बसलो. इतका दमलो होतो की घाबरायलाही त्राण नव्हतं.

इस्लामपूर सुटलं आणि खिशात काहीतरी हललं. आधी वाटलं गाडीचा हादरा. पण गाडी थांब्यावर उभी असतानाही तेच — बारकी लाथ, बायकोच्या पोटावर हात ठेवला की लागायची तश्शी. मोबाइल बॅगेत होता, हेही सांगून ठेवतो. मी वरून हात धरून बसलो.

आष्टा आलं आणि ते थांबलं. एकदम.

कराडला दवाखान्यात बायकोजवळ माझी आई होती, मी बसमधूनच तिला फोन लावला. "उठव तिला. नर्सला बाळाचे ठोके बघायला सांग."

"आरं, आत्ता कुटं डोळा लागलाय तिचा," आई म्हणाली. "तुला झालंय काय?"

"आई, पाया पडतो, सांग."

ठोके निम्म्यावर आले होते. लगेच सिझेरियन केलं. मुलगी झाली, पिवळी, मलूल. रक्त बदलावं लागलं, पण जगली.

डॉक्टर म्हणाले, सुईनंतर क्वचित असं होतं. ते पटतं. मला बसमध्ये कसं कळलं, हे मी त्यांना विचारलंच नाही.

घरी आल्यावर फक्त बायकोला सांगितलं. ती मुलीला पाजत होती. मग म्हणाली, "आन् गेल्या खेपेला का न्हाई कळलं तुमाला?"